खालून पडलेला उजेड

"रक्त नको," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "रक्त कुणीही ओततं. रक्ताशिवाय घाबरवून दाखवा."

वसाहतीच्या सभागृहात भरलेल्या सुट्टीतल्या शिबिरात चिठ्ठ्या टाकून प्रत्येक गटाला चित्रपटाचा एकेक प्रकार दिला होता आणि त्याचं पोस्टर करायचं होतं. चित्रपट अर्थातच कुठे अस्तित्वात नव्हते. शेजारच्या टेबलावर विनोदी चित्रपट आला होता. तिथे पिवळ्याधमक कागदावर मोठाल्या डोक्यांची आणि चिमुकल्या धडांची माणसं काढणं चाललं होतं, अक्षरंसुद्धा घसरून पडल्यासारखी तिरकी. पलीकडे प्रेमकथा होती, म्हणून तिथले दोन चेहरे एकमेकांकडे पाठ करून आभाळात बघत होते. ते तसं का बघतात, हे त्या गटालाही माहीत नव्हतं. सगळ्या प्रेमकथांच्या पोस्टरवर बघतात म्हणून बघत होते.

खिडकीजवळच्या टेबलावर भयपट होता आणि त्याभोवती तिघं. एक पेन्सिल, म्हणजे उंच, किडकिडीत आणि कानामागे कायम पेन्सिल खोचलेली मुलगी. दुसरा तिचा धाकटा भाऊ रेडिओ, ज्याचं बंद करायचं बटण त्याच्या आईबाबांना अजून सापडलं नव्हतं. आणि तिसरा त्यांच्याच इमारतीतला चष्मिश, जो संगणकावर फोटोचं काय वाट्टेल ते करून दाखवायचा.

"काळी पार्श्वभूमी," बाई सांगत होत्या. "एकच चेहरा. आणि उजेड खालून. रोज आपण वरून उजेड पडलेले चेहरे बघतो, त्यामुळे तोच उजेड खालून आला की ओळखीचं माणूसही परकं वाटतं. वर काळजात धस्स करणारी एक ओळ. चित्रपटाचं नाव पार तळाशी. आधी भीती, मग नाव."

"चेहरा माझा घ्या," रेडिओ म्हणाला.

"तुझा घेतला तर पोस्टर विनोदी गटाला द्यावं लागेल," पेन्सिल म्हणाली.

चष्मिश बाबांच्या जुन्या मोबाइलमध्ये फोटो शोधत होता. सापडल्यावर त्याने तो दोघांपुढे धरला. अंधारा जिना, कठड्यावरून खाली वाकलेली एक बाई, आणि हनुवटीखालून वर आलेला पांढराफटक उजेड.

"बाप रे, कोण ही?" रेडिओने विचारलं, आणि मग त्यालाच कळलं. "अरे, या तर मावशी."

मावशी म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या पाळणाघरवाल्या मावशी. हे तिघंही दुपट्यात गुंडाळलेले असल्यापासून त्यांच्याकडे वाढले होते. रेडिओ बोलायला शिकला तोही तिथेच, आणि ही आपलीच चूक, असं मावशी सगळ्यांना सांगायच्या.

"ओळखू येतील ना त्या," पेन्सिल म्हणाली.

"मी जरा हिरवट करतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या करतो. कुणी ओळखणार नाही."

"त्यांना विचारायला हवं का?"

"खोटं खोटं पोस्टर आहे, ताई. त्यात काय विचारायचं?"

पेन्सिलला ते काही पटलं नव्हतं. पण फोटो इतका झकास होता की तिने तो विषय सोडून दिला. नंतर तिला कितीदा तरी वाटलं, की तेव्हा उठून एक मजला चढायला आपल्याला काय धाड भरली होती.

वरची ओळ रेडिओने सुचवली: 'मूल हिच्या हाती सोपवण्याआधी… एकदा विचार करा.' तळाशी लाल अक्षरांत चित्रपटाचं नाव आलं, 'पाळणा आपोआप हलला', त्याखाली 'लवकरच चित्रपटगृहात' आणि मग बारीक अक्षरांत तिघांची नावं. छापून आलेला कागद भिंतीला लावल्यावर बाई मागे सरकून बघत राहिल्या. "अंगावर काटा आला रे," त्या म्हणाल्या, आणि तिघांनाही आभाळ ठेंगणं झालं.

शिबिर संपलं तशी सगळी पोस्टरं सभागृहाच्या व्यवस्थापकांच्या ताब्यात गेली. त्यांना वसाहतीत सगळे ठीकाय काका म्हणत. त्यांच्यापुढे काहीही ठेवा, ते वरवर बघायचे, "ठीकाय, ठीकाय" म्हणायचे आणि शिक्का मारून मोकळे व्हायचे. वसाहतीच्या फाटकांपाशी काचेच्या कुलूपबंद चौकटींचे सूचनाफलक होते, तिथे मुलांच्या एकेका पोस्टरच्या प्रती लावायची टूम त्यांचीच.

*

सुट्टी मजेत चालली होती. पण एका सकाळी दोघांबरोबर जिना उतरता उतरता पेन्सिल पहिल्या मजल्यावर थबकली.

"चपला कुठे आहेत?"

पाळणाघराच्या दाराबाहेर एक बुटकं लाकडी कपाट होतं. त्यात एरवी इवल्याशा चपला-बुटांची नुसती खिचडी असायची. आज तिथे एकच जोड होता, तोही मावशींचा. आतून रडण्याचा आवाज नाही, हसण्याचा नाही, वाटी आपटल्याचा नाही.

"सगळी आजारी पडली असतील," रेडिओ म्हणाला.

"एकदम सगळी?"

"मग नक्कीच कुणीतरी दुसरं पाळणाघर काढलंय आणि पोरं पळवलीत. ताई, हे प्रकरण आहे. आपण पाळत ठेवू या."

पाळत ठेवायला ते फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसले. रेडिओ असताना पाळत ठेवणं म्हणजे ढोल वाजवत लपंडाव खेळणं, पण सुदैवाने तळमजल्यावरचे बँकेतले काका कडेवरच्या मुलीला घेऊन समोरूनच आले. ही छोटी मावशींची लाडकी होती. तिच्या तोंडात पहिला शब्द 'मावशी' आला म्हणून तिच्या आईचं तोंड दोन दिवस वाकडं होतं.

"काका, छोटी पाळणाघरात नाही का जात?" पेन्सिलने विचारलं.

काकांनी इकडेतिकडे बघितलं. "नाही गं. आता हिच्या आजीकडे सोडतो. उलट्या दिशेला पडतं, पण काय करणार? हातात धडधडीत पुरावा नाही, तरी सूचना लागल्यावर धोका कोण पत्करेल?"

"कसली सूचना?"

"वाचली नाहीस? लागलीय की फलकावर. फोटोसकट."

ते निघून गेले. तिघंही फलकाकडे वळली. शेवटच्या काही पावलांत रेडिओसुद्धा गप्प झाला होता.

काचेमागे त्यांचंच पोस्टर होतं. काळोख, हिरवट चेहरा आणि वर ती ओळ. मूल हिच्या हाती सोपवण्याआधी एकदा विचार करा. त्याखाली काहीही नव्हतं. चित्रपटाचं नाव नव्हतं, 'लवकरच चित्रपटगृहात' नव्हतं, तिघांची नावंही नव्हती. चौकटीत बसावं म्हणून कुणीतरी कागदाचा तळ कापून टाकला होता. वर कोपऱ्यात सभागृहाचा गोल शिक्का तेवढा ठसठशीत होता. आणि एवढं हिरवं-काळं करूनही मावशी लगेच ओळखू येत होत्या.

"कुणी ओळखणार नाही म्हणाला होतास," रेडिओ पुटपुटला.

चष्मिशने चष्मा काढला आणि पुसत बसला. तो स्वच्छच होता. पेन्सिलचे कान तापले. फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आपण दिसतोय असं तिला वाटायला लागलं. प्रकरण शोधायला निघालेल्या तिघांना चोर सापडला होता आणि तो चोर म्हणजे ते स्वतःच होते. तिथून पळून जावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

*

"चौकट लहान होती," ठीकाय काका म्हणाले. "खाली कसलातरी बारीकसारीक मजकूर होता, तो उडवला. चेहरा आला ना पूर्ण? मग झालं तर."

"पण काका, लोकांना ती खरी सूचना वाटतेय. मावशींकडे मुलं यायची बंद झालीत."

ठीकाय काकांचा चेहरा जरा उतरला. त्यांनी खुर्ची मागेपुढे केली. "हे बघा, आता मी ते काढलं तर लोक विचारणार, का काढलं. मग सभागृहाचं नाव खराब. पुढच्या आठवड्यात नवी चित्रं लावायचीच आहेत, तेव्हा आपोआप निघेल. तुम्ही आणि आम्ही गप्प बसायचं. ठीकाय?"

बाहेर आल्यावर रेडिओ म्हणाला, "ते म्हणतात तसं करू या ना, ताई. कापलं त्यांनी. आपली काय चूक?"

"फोटो कुणी काढला?" पेन्सिलने विचारलं. "ओळ कुणी लिहिली? विचारायला नको, असं कोण म्हणालं?"

रेडिओने मान खाली घातली. मग तिघं पहिला मजला चढली. उतरताना कधीच न जाणवलेला तो जिना त्यांना फार उंच वाटला.

मावशी जमिनीवर बसून पाळण्यांचे नटबोल्ट सोडवत होत्या. गाद्यांच्या गुंडाळ्या भिंतीशी लावलेल्या होत्या.

"आलात? या. महिनाअखेर बंद करतेय. हे लोखंडी पाळणे कुणाला हवेत का, आईला विचार गं."

पेन्सिलने सगळं सांगितलं. एका दमात, खाली बघत. शिबिर, भयपट, काळी पार्श्वभूमी, कापलेला तळ. फोटोपाशी येऊन ती अडखळली, तेव्हा चष्मिश पुढे झाला. "फोटो मी काढला होता, मावशी. वीज गेली होती त्या संध्याकाळी."

मावशी हातातला नट बोटांत फिरवत राहिल्या.

"तुम्ही धडपडू नये म्हणून बॅटरी घेऊन आले होते मी," त्या म्हणाल्या.

त्यांनी नट मुठीत घेतला.

"मला वाटलं, कुणीतरी राग धरून केलंय. कुणाचं मूल माझ्या हातून पडलं होतं का, कुणाला मी ओरडले होते का, तेच आठवत बसले इतके दिवस. एकेक पोर आठवून बघितलं. तुम्ही तिघंही आठवलात त्यात."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. रेडिओ ढसाढसा रडायला लागला. चष्मिशने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आम्ही दुसरं करतो, मावशी," पेन्सिल घाईघाईने म्हणाली. "मासिकाचं मुखपृष्ठ असतं ना, तसं. पांढरी पार्श्वभूमी, वरून उजेड, तुमचा हसरा चेहरा, वर मोठं नाव, बाजूला छान छान मथळे—"

"नको." मावशींनी नट डबीत टाकला. "माझा चेहरा आता कुठेही नको. चांगलासुद्धा नको."

*

त्या दिवशी चष्मिशच्या घरी तिघं संगणकापुढे नुसती बसून राहिली. मावशींशिवाय मावशींचं पोस्टर करायचं कसं?

"नुसतं लिहून लावू," रेडिओ म्हणाला. "क्षमस्व वगैरे."

"कोण वाचतंय?" चष्मिश म्हणाला. "फलकावर पाणी बंद, लिफ्ट बंद, हे तरी कोण वाचतं? आपलं वाचलं, कारण ते भीतीदायक होतं."

पेन्सिलने कानामागची पेन्सिल काढली आणि परत खोचली. मग ती उठली, पडदे ओढले आणि बॅटरी पेटवून आपल्या हनुवटीखाली धरली.

"काढ माझा फोटो," ती म्हणाली. "मग तुमचे दोघांचे."

तसाच काळोख, तसाच हिरवट रंग, तशाच काळ्या खोबणी. तीन चेहरे शेजारी शेजारी आले तेव्हा रेडिओलाही स्वतःकडे बघवेना. वर तशीच ओळ: 'या तिघांच्या हाती आपला फोटो देण्याआधी… एकदा विचार करा.'

एक नियम मात्र पेन्सिलने मुद्दाम मोडला. पोस्टरच्या तळाशी जी बारीक अक्षरं असतात, कुणी काय केलं ते सांगणारी, ती तिने चेहऱ्यांच्या मधोमध आणली आणि ठळक केली. कात्री कुठेही चालवली तरी ती उडणार नव्हती. नावं त्यांनी खरी लिहिली, शाळेच्या हजेरीत असतात तशी, आडनावासकट. न विचारता फोटो काढणारा अमुक. तो विद्रूप करणारा तोच. घाबरवणारी ओळ लिहिणारा अमुक. हे चूक आहे असं वाटूनही गप्प बसणारी अमुक. चित्रपटाचं नाव कापून पोस्टरला सूचना बनवणारे, सभागृहाचे व्यवस्थापक. मावशींनी कुणाच्याही मुलाला कधीही काहीही केलेलं नाही. आम्हाला त्यांनीच वाढवलं. आम्हाला फार लाज वाटते.

चौकटीच्या मापात छापलेले कागद घेऊन ती सभागृहात गेली.

"परत भयपट?" ठीकाय काकांनी वरवर बघितलं. "चेहरे बरे आलेत. मापातही आहे. ठीकाय." शिक्का उमटला. त्यांनी स्वतःच्या हाताने कुलपं उघडली, जुने कागद काढले, नवे लावले आणि वाचलं नाही.

संध्याकाळी फलकापुढे ही गर्दी. ठीकाय काका धावत आले, किल्ली कुलपाला लावली आणि थांबले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. शिक्का त्यांचाच होता. त्यांनी पहिल्यांदाच एखादा कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि किल्ली खिशात ठेवली.

"मी कापलं ते," ते मान खाली घालून म्हणाले. "वाचायला हवं होतं."

"आम्हीही विचारायला हवं होतं," बँकेतले काका म्हणाले. "सरळ पहिल्या मजल्यावर जाऊन." कडेवरच्या छोटीला त्यांनी उगीचच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

*

पाळणे पुन्हा जोडायला ठीकाय काका पाना घेऊन आले होते. काही आयांनी मुलं परत पाठवली, काही अजून बिचकत होत्या. बँकेतल्या काकांची छोटी पहिल्याच दिवशी दारातून आत पळाली. चित्रकलेच्या बाई मुद्दाम भेटायला आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मी शिकवलेलं चालतं कसं, ते पहिल्या पोस्टरने दाखवलं. ते कुणासाठी वापरायचं, ते दुसऱ्याने दाखवलं. हे शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. मोठी हिंमत केलीत, पोरांनो." ठीकाय काका म्हणाले, शाबास. बँकेतल्या काकांनी चष्मिशची पाठ थोपटली.

प्रत्येक शाबासकी तिघांना टोचत होती. पेन्सिलला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. ती मावशींकडे बघत होती. मावशी एका बाळाला खांद्यावर थोपटत उभ्या होत्या आणि त्यांनी शाबास म्हटलं नव्हतं.

सगळे गेल्यावर पेन्सिल त्यांच्याजवळ गेली. "मावशी, तुमचा राग गेला का?"

"नाही," मावशी म्हणाल्या. बाळ झोपलं होतं, म्हणून त्या हळूच बोलत होत्या. "गेला की सांगेन. तोवर येत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही गेली. मावशींनी दार उघडलं आणि काही न बोलता त्यांना आत घेतलं.