ओहोटीची शिकवणी

गाडी सरळ माझ्या अंगावर येत होती... पण इतकी हळू, की पळावं की वाट बघावी हेच ठरेना.

मी ओल्या वाळूत उभी होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोजपट्टी. गाडीच्या टपावर ‘शिकाऊ’ अशी पाटी होती, आणि स्टिअरिंगला मिठी मारल्यासारख्या एक मावशी बसल्या होत्या — डोळे गच्च मिटून. माझ्यापासून हातभर अंतरावर गाडीने उसासा टाकला आणि ती थांबली.

पलीकडच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. विस्कटलेले केस, नाकावर उन्हाने रापलेला तांबूस पट्टा, आणि चेहऱ्यावर काहीच न घडल्याचा भाव.

“घाबरू नका. वाळूत नुसता पाय उचलला तरी गाडी आपोआप थांबते.”

“आणि नाही थांबली तर?”

“तर तुम्ही बाजूला व्हाल की.”

मावशींनी एक डोळा किलकिला केला. “मास्तर, लागलं का हो तिला?”

“नाही मावशी. बोलतेय. चांगलीच बोलतेय.” मग माझ्याकडे वळून, “छत्री घेऊन मोजताय काय?”

“किनारा,” मी म्हटलं. “इथे बाकं येणार, झाडं येणार, चालायला वाट येणार. आणि गाड्या बंद होणार. नकाशा माझ्याकडे आहे.”

आता हा चिडेल असं मला वाटलं. तो मात्र हनुवटी खिडकीवर टेकवून नीट विचार करत होता.

“तुम्हाला गाडी येते?”

“नाही.”

“मग उद्यापासून या. जे बंद करायचंय, ते आधी यायला तरी हवं.”

मला वादात हार मानायला आवडत नाही, म्हणून मी गेले. ऑफिसात तरी मी असंच सांगितलं.

मास्तरांच्या क्लासची वेळ समुद्र ठरवायचा. ओहोटी लागली, ओली वाळू घट्ट झाली, की शिकवणी सुरू. भरती आली की सुट्टी. त्यामुळे रोज संध्याकाळी त्यांचा मेसेज यायचा. ‘उद्या सव्वासात. पाणी लांब असेल.’ मग हळूहळू त्या मेसेजला शेपटं फुटू लागली. ‘उद्या साडेआठ. वारा आहे, केस बांधून या.’ पुढे एकदा — ‘उद्या भरती. क्लास नाही. चहा मात्र आहे.’

मी भरतीलाही जायला लागले.

ताडपत्रीच्या सावलीत त्यांची आई स्टुलावर बसलेली असायची. मी कोण ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिने माझ्याशी बोलणं टाकलं. जे काही सांगायचं ते माझ्यादेखत मुलाला सांगायची.

“शत्रूला पाणी दे रे. ऊन लागलंय तिला.”

“आई, समोर बसल्यात त्या.”

“म्हणून तर म्हणते, दे. आणि विचार, जेवून आलीय का.”

मी हसू दाबून ग्लास घ्यायची. इतकं प्रेमाने वागवणारं वैर मी कुठे पाहिलं नव्हतं.

शिकवणीचा एक नियम होता. गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायची आणि चारही बाजूंनी वाकून खाली बघायचं. मी पहिल्यांदा वाकले तेव्हा विचारलं, “खाली काय, चोर लपतो?”

ते हसले नाहीत.

“पोरं असतात. भर उन्हात वाळूवर सावली कुठे मिळणार? गाडीखाली. एकदा एक पोर डबडं-फावडं उशाशी घेऊन झोपलं होतं. मी किल्ली फिरवली होती...” ते थांबले. “त्याच्या आईने हाक मारली म्हणून. नाहीतर...”

त्या दिवसापासून मी फेरी मारताना गुडघे टेकून बघायला लागले. आणि उठताना पुढे आलेला त्यांचा हात — तो मी घ्यायला लागले.

हातांचं म्हणाल, तर गिअरही मी फार चुकीचे टाकायचे. मग माझ्या हातावर त्यांचा हात यायचा, “हा... तिसरा,” असं म्हणायचा आणि भाजल्यासारखा मागे जायचा. तिसरा मला केव्हाच यायला लागला होता. मी सांगितलं नाही.

एकदा गाडी लाटेच्या कडेला उभी करून आम्ही आत बसलो होतो. काचेवर खारट थेंब उडत होते.

“काकांचा फोन आला होता,” ते समुद्राकडे बघत म्हणाले. “त्यांच्या बसगाड्या आहेत, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या शहरात. गाड्या अडवायचे तुमचे खांब लागले की इथे माझं काय? ते म्हणतायत, येऊन धंदा सांभाळ.”

“मग... तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, कळवतो.”

घरी जाऊन मी नकाशा टेबलावर पसरला. किनाऱ्यालगत खांबांची रांग — एकेक मीच आखलेला. मी खोडरबर घेतलं. दोन खांब जरा सरकवले, की मधून एक छोटी गाडी जाईल. एकच. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

दुसऱ्या दिवशी बॉनेटवर तो कागद पसरून मी फट दाखवली. “ही तुमची.”

ते बराच वेळ त्यावर वाकून होते. वाऱ्याने कागद फडफडत होता. त्यांनी एक कोपरा धरला, मी दुसरा.

“माझी गाडी आत गेली, की मागोमाग हॉटेलवाल्यांची जाईल,” ते हळूच म्हणाले. “मग त्यांच्या पाहुण्यांची. आणि खाली वाकून बघणारा मी एकटाच.”

“मी तुमच्यासाठी करतेय हे.”

“कळलं. म्हणून तर नाही म्हणायला जड जातंय.” त्यांनी कागदाची घडी करून माझ्या हातात ठेवली. “खांब सरळ बसवा.”

किनाऱ्याच्या आराखड्यावर गावाची सभा भरली, तिथे हॉटेलवाले तावातावाने बोलले. गाडी लाटेपर्यंत नेता आली नाही तर पर्यटक झक मारायला येतील का, वगैरे. मग आमच्या साहेबांनी गाड्या बंद करण्याच्या बाजूने असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. शेवटच्या रांगेतून मास्तरांचा हात सगळ्यात आधी वर गेला.

बाहेर पायरीवर त्यांची आई मला आडवी आली. या वेळी मध्ये मुलगा नव्हता.

“पोरी, त्याने तुझ्यासाठी हात वर केला का?”

“नाही हो. त्या लहान पोरांसाठी.”

“बरोबर केलं त्याने,” ती म्हणाली. मग पदराने चष्मा पुसत, “पण आता तो जाणार ना गं.”

मी तिचा हात धरून तिला पायऱ्या उतरवल्या.

खांब बसले. वाळूवर चाकांच्या खुणा उरल्या नाहीत. पोरं पार पाण्यापासून वाटेपर्यंत धावत सुटायची आणि कुणी त्यांच्यावर ओरडत नव्हतं. मी काढलेल्या चित्राहून ते सुंदर दिसत होतं, आणि मला तिकडे बघवत नव्हतं.

मास्तरांचा मेसेज आला. ‘उद्या दहा. रस्त्यावर. शेवटचा धडा.’

मी फेरी मारली, वाकून बघितलं, बसले. नवीन वाटेलगतचा रस्ता गुळगुळीत, रिकामा. तिसरा गिअर मी स्वतःच टाकला, अगदी अलगद. त्यांनी भुवई उंचावली.

“हा कधीपासून येतो?”

“पुष्कळ दिवसांपासून.”

ते काही बोलणार होते, पण वळण आलं. मी सवयीप्रमाणे पाय उचलला आणि गाडी थांबायची वाट बघत बसले. ती थांबली नाही. तो रस्ता होता, वाळू नव्हे... गाडी आपली ऐटीत पुढे निघाली, थेट खांबांच्या रांगेकडे.

“अगं ब्रेक... ब्रेक दाब ना गं.”

ठक्. बोकडाने भिंतीवर डोकं आपटावं तसा आवाज झाला. खांबाला काही झालं नाही. गाडीचा एक दिवा मात्र फुटला. पलीकडे फरशी बसवणारे गवंडी काम टाकून पोट धरून हसत होते.

“तुम्ही ब्रेक शिकवलाच नाही,” मी म्हटलं.

“कुणालाच नाही शिकवला,” ते कपाळाला हात लावून म्हणाले. “माझे सगळे विद्यार्थी असेच फिरतायत गावभर.” आणि मग आम्ही दोघंही हसायला लागलो. मावशी आत्ता कुठे असतील या विचाराने जास्तच.

हसू ओसरलं तरी माझे हात स्टिअरिंगवरच होते. मला ते ‘ठक्’ लागलं नव्हतं. ते ‘अगं’ लागलं होतं.

“लागलं का तुला?” त्यांनी विचारलं. परत तेच एकेरी, आता घाईत नव्हतं.

“ऐक,” मी समोर बघतच म्हटलं, कारण बाजूला बघितलं असतं तर जमलं नसतं. “हा किनारा माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे. पण तू गेलास, तर मी इथे पाऊल ठेवणार नाही. कितीही छान झाला असला तरी. तू मला आवडतोस. आता हास.”

तो हसला नाही. माझी बोटं त्याने स्टिअरिंगवरून एकेक सोडवली आणि हातात धरून ठेवली. या वेळी हात मागे गेला नाही.

“मी क्लाससाठी शाळेमागच्या रिकाम्या मैदानाची चौकशी करून आलोय,” तो म्हणाला. “परवाच. द्यायला तयार आहेत. फक्त... तू काही बोलतेस का, ते बघत होतो.”

“आणि बोलले नसते तर?”

“तर ब्रेक शिकवायला अजून एक शेवटचा धडा ठेवला असता.” त्याने खिशातून फोन काढला. “काकांना काय सांगू?”

“सांग, येत नाही.”

“कारण विचारतील.”

“सांग, एका मुलीला अजून रिव्हर्स येत नाही.”

“ते किती दिवस पुरेल?”

“मी,” त्याच्या खांद्यावर डोकं टेकवत मी म्हटलं, “फार हळू शिकते.”