‘येतो’ म्हणणारा पाहुणा

करकर... करकर...

नव्या वहाणेचा हा आवाज रावसाहेबांनी फार लहानपणी ऐकला होता, हडपसर खेडं होतं तेव्हा. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, आतड्याला पीळ पडला होता. भर दुपारी ते ओसरीवर कण्हत पडले होते, आणि एक माणूस आला. पांढरा सदरा, पांढरं धोतर, पायांत कोरी वहाण. उशाशी बसला, “कसं हाय?” म्हणाला, थोड्या वेळानं उठला. “बरंय, येतो.”

कुणाच्या घरून निघताना ‘जातो’ म्हणायचं नसतं, आणि घरच्यांनी ‘या’ म्हणायचं असतं. वडील म्हणाले, “या.”

दुसऱ्या दुपारी तो आला. पुन्हा उशाशी बसला. तो उठला तेव्हा वडिलांचा श्वास थांबलेला होता. आईला वाटलं होतं, तो वडिलांच्या ओळखीचा. आणि वडिलांनी आदल्या दिवशी आईला विचारलं होतं, “तुझ्या माहेरचा का गं तो?”

हडपसरचं शहर झालं. रावसाहेबांचं आयुष्य एका मंगल कार्यालयाच्या दारात गेलं. गुलाबपाणी शिंपडायचं, अत्तर लावायचं आणि “या, या, बसा” म्हणायचं. मऊ माणूस. ‘जा’ हा शब्द त्यांनी कुत्र्यालाही वापरला नव्हता. त्यालाही ते “चल बाबा, पुढं हो” म्हणत.

म्हातारपणी त्यांचंही दुखणं आतड्याचंच निघालं, मोठ्या आतड्यात गाठ. शहरातल्या एका इस्पितळात डॉक्टरांनी आतड्याचा तेवढा तुकडा काढला आणि उरलेली दोन टोकं जोडून शिवली. शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी, पोटात नळी, लघवीला नळी. तोंडात पाण्याचा थेंब नाही.

“आतडं झोपलंय,” सिस्टर शर्मिला म्हणाली. “ते जागं झालं की वारा सरेल. तो सरला की पाणी, मग पेज, मग घर. खोकला आला तर उशी पोटाशी धरा. आणि चालायचं, आजोबा. तुम्ही पडून राहिलात तर तेही पडून राहील.”

“आणि जागंच न्हाई झालं तर?” त्यांच्या बायकोनं, यमुनाबाईंनी विचारलं.

“मग पुन्हा पोट उघडायचं का, ते डॉक्टर बघतील.”

शेजारच्या खाटेवर नाना पेठेतले बेकरीवाले मुनव्वर होते. त्यांचंही आतडं कापलेलं, पण ते पेजेपर्यंत पोचले होते. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, “रावसाहेब, तोफ झाली का?”

“न्हाई, मुनव्वरभाई.”

“कमाल आहे. पेशव्यांच्या गावात राहता आणि दारूगोळा ओला?”

रावसाहेब उशी घट्ट धरून हसत. हसलं की टाके ओढत. चालायला मात्र ते धजत नव्हते. उठलं की पोट उसवेल असं वाटायचं.

दुपारची जेवणं झाली की वॉर्ड सुस्त पडे. फिनेलचा वास, पंख्याची घरघर, कुणाचं तरी हळू कण्हणं. त्या दुपारी यमुनाबाई औषधं आणायला खाली गेल्या होत्या. दुखणं कमी करायच्या औषधानं रावसाहेबांना गुंगी आली होती. स्टूल सरकल्याचा आवाज झाला. नव्या चामड्याचा आणि ओल्या मातीचा वास आला.

“कसं हाय?”

“पोट... गप्प हाय,” रावसाहेब डोळे न उघडता म्हणाले.

“असू द्या गप्प. कशाला उठवता त्याला?”

आवाज इतका मायेचा होता, की रावसाहेबांना बरं वाटलं. थोड्या वेळानं माणूस उठला.

“बरंय. येतो.”

“या,” रावसाहेब म्हणाले. दारात उभं राहून झिजलेली जीभ ती.

करकर... करकर...

त्यांनी डोळे उघडले. पांढरा सदरा दारातून बाहेर पडत होता. वहाण अजून कोरीच होती.

“मुनव्वरभाई... कोन होता तो?”

“ते धोतरवाले? मला वाटलं, तुमचे व्याही.”

यमुनाबाई वर आल्या. “जिन्यात भेटले मला. मी म्हटलं, मुनव्वरभाईंकडचं कुणी असंल.”

संध्याकाळपासून रावसाहेबांचं पोट फुगत गेलं. नळीतून हिरवं पाणी जास्तच यायला लागलं. सकाळी डॉक्टरांनी पोटावर स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. आत काहीच वाजत नव्हतं. संध्याकाळपर्यंत वाट पाहू म्हणाले, नाहीतर पोट उघडावं लागेल.

डॉक्टर गेल्यावर रावसाहेबांनी बायकोला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “मी त्याला ‘या’ म्हटलं, यमुने.”

यमुनाबाई रडल्या नाहीत. पदर खोचून म्हणाल्या, “म्हटलं तर म्हटलं. जल्मभर सगळ्यांना म्हटलंत. एकाला न्हाई म्हणायला काय झालं? तोंड हाय ना तुम्हाला?”

दुपार झाली. वॉर्ड सुस्त पडला. आणि खालच्या जिन्यात आवाज सुरू झाला. करकर...

“मला उठव,” रावसाहेब म्हणाले. “आबा पडून व्हते. मी पडून भेटणार न्हाई त्याला.”

सिस्टर शर्मिला आनंदानं धावली. तिनं नाकातली नळी बंद केली, पिशव्या सलाइनच्या दांड्याला अडकवल्या. “चालताय? शाबास, आजोबा!” एका हातानं उशी पोटाशी, दुसऱ्या हातात दांडा, काखेखाली यमुनाबाईंचा खांदा. प्रत्येक पावलाला टाके जळत होते. आवाज वर चढत होता, आणि रावसाहेब त्याच्याकडेच चालत होते.

जिन्याच्या तोंडाशी दोघं समोरासमोर आले.

“कसं हाय?” तो हसला. “उठलात कशाला? खाटेवर चला... बसून बोलू.”

“न्हाई.”

“काल तर ‘या’ म्हणालात...”

“म्हणालो. सवयीनं म्हणालो.” रावसाहेबांची नजर हलली नाही. शब्द घशातल्या नळीला अडखळला, पुन्हा वर आला. “आज म्हणतो... जा.”

तो हलला नाही. फक्त त्याचं हसू तिथंच राहिलं, काढून ठेवल्यासारखं. ओल्या मातीचा वास इतका दाटला, की यमुनाबाईंनी पदर नाकाला लावला.

“जा!” रावसाहेब ओरडले. जन्मात पहिल्यांदा ओरडले.

त्या जोरासरशी त्यांच्या पोटात काहीतरी कळवळलं, गडगडलं, उजवीकडून डावीकडे लोळत गेलं, आणि लांबलचक, खणखणीत वारा सरला. सगळ्या व्हरांड्यात ऐकू गेला.

“तोफ!” आतून मुनव्वर ओरडले. “सलामी झाली, रावसाहेब!”

रावसाहेबांना लाज वाटली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “ऐकलंस?” ते म्हणाले. “उठलंय ते. आता तू निघ.”

त्यानं यमुनाबाईंकडे पाहिलं. कुणीतरी एक शब्द बोलावा म्हणून पाहुणा उंबऱ्यात घुटमळतो, तसा तो घुटमळला. यमुनाबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

मग तो वळला.

भेटायची वेळ झाली होती. डबे घेऊन माणसं वर येत होती. जो तो बाजूला होऊन त्याला वाट देत होता. कुणी रामराम घातला, कुणी “बरे आहात ना?” विचारलं, एका तरुण बाईनं तर वाकून नमस्कार केला. प्रत्येकाला तो आपल्याच कुणाचा तरी वाटत होता. त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. ‘येतो’ न म्हणताच तो जिना उतरून गेला.