तटाबाहेरचे भाग्य

अरुणतळाच्या नियंत्रण कक्षात सगळे टाळ्या पिटत होते. मंगळाच्या आकाशातून आलेली नारळाएवढी उल्का घुमटाला चुकवून कुंपणापलीकडच्या वाळूत रुतली होती. दोन वर्षांत असे इतक्यांदा झाले होते की आता कोणी दचकतही नसे. जेवणघरात शिरताना प्रत्येक जण दारातल्या लाल मातीच्या मूर्तीच्या सुकाणूला बोट लावी आणि बाकीचे तिच्यावर सोपवून निवांत जेवायला बसे.

मूर्ती स्टाव्रोस या ग्रीक अभियंत्याने गंमत म्हणून घडवली होती. ही टायकी, त्याच्या पूर्वजांची दैवदेवता. हातात सुकाणू आणि डोक्यावर शहराच्या तटबंदीचा मुकुट. खरे काम तळघरातले यंत्र करी. शर्वाणी भडकमकरने बनवलेल्या त्या यंत्राचे नाव भाग्यसुकाणू. एखादी झडप अडकेल की न अडकेल हे जिथे केवळ योगायोगावर ठरते, तिथे ते योगायोगाला किंचित आपल्या बाजूला कलवी. एवढ्याने सगळा तळ सुखात होता आणि आपल्या हुशारीवर बेहद्द खूश होता.

टाळ्या थांबतात तोच डोंगरापलीकडच्या ध्रुवतळाहून निरोप आला. हवेचा आणखी एक पंप बंद पडला होता. आता एकच उरला. गेल्या वर्षी तिथे झडप फुटून शमिता नावाची तंत्रज्ञ दगावली होती.

“गबाळी माणसं,” तळप्रमुख सबनीस म्हणाले. “आपल्याकडे का होत नाही असं?”

शर्वाणीने हा प्रश्न मनावर घेतला. तिने दोन्ही तळांवरच्या बिघाडांचे आलेख एकावर एक ठेवले, आणि जे दिसले ते घेऊन तडक स्टाव्रोसकडे गेली.

“आपण जितके वर, तितके ते खाली. बेरीज शून्य.”

“म्हणजे यंत्र भाग्य तयार करत नाही?”

“ते कोणालाच जमायचं नाही. आपल्या झडपेला जे झुकतं माप मिळतं, ते दुसऱ्या कुठल्या तरी झडपेकडून काढून घेतलेलं असतं. वाळूकडून नाही घेता येत, तशाच झडपेकडून घ्यावं लागतं. आणि तशा झडपा इथे फक्त ध्रुवतळावर आहेत.”

स्टाव्रोसने दोन्ही आलेख स्वतः पडताळून पाहिले. “आमच्याकडे शहरोशहरी वेगळी टायकी असे,” तो म्हणाला. “भाग्य ही आपली कमाई नव्हे, तिचं दान. म्हणून ज्याला फार मिळालं त्याने माज करायचा नाही, उलट जपून राहायचं. पण तिची माया तटापर्यंतच.”

“आणि तटाबाहेरच्यांनी काय करायचं?”

“ते आम्ही कधी विचारलंच नाही,” तो ओशाळून म्हणाला.

सबनीसांनी मात्र यंत्र बंद करायला साफ नकार दिला. संध्याकाळी पृथ्वीचे यान धुळीच्या वादळातून उतरणार होते. “आणि चालवतंय कोण? तुमची मुलगी, ऋजुता! पोरीला सुखरूप उतरू द्या, मग बघू.”

यंत्र चालू राहिले तर ऋजुता अलगद उतरणार होती, आणि तिच्या इंजिनाच्या झडपांवरचे संकट ध्रुवतळाच्या शेवटच्या पंपावर जाणार होते. शर्वाणीला मुलगी सुखरूप हवी होती, जिवापाड हवी होती. पण दुसऱ्याचा श्वास काढून घेऊन नको होती.

“बंद करायचा हुकूम तुमचा,” ती म्हणाली. “पण तट कुठवर घालायचा, ते मी ठरवते.” तिने यंत्राची भाग्यसीमा, म्हणजे ते ज्यांना साथ देते त्यांची हद्द, ध्रुवतळापलीकडे नेली आणि वरचे यानही तिच्यात घेतले.

सबनीसांचा चेहरा खुलला. “झालं की! सगळेच भाग्यवान.”

“सगळेच आत आले तर घेणार कोणाकडून? यंत्र घरघरत राहील, पण करणार काहीच नाही. आता जे होईल ते सगळ्यांना सारखं.”

सबनीस तावातावाने पुढे आले. ती यंत्राच्या फलकासमोरून हलली नाही. “सीमा मागे घ्यायची असेल तर आधी तांबोळींना कळवा. तुमचा पंप आम्ही खर्ची घालतोय, असं तुमच्या तोंडून सांगा.”

तांबोळी म्हणजे ध्रुवतळाचे प्रमुख. सबनीसांनी ध्वनिक्षेपक उचलला, हातात धरला आणि खाली ठेवला.

मग तिने यानाशी संपर्क साधला. “ऋजू, आज यंत्राची साथ नाही. सगळं तुझ्या हातात.”

“आई, मी हातानेच उतरवायला शिकलेय गं. आता बोलू नकोस.”

एक इंजिन मध्येच बंद पडले. यान भरकटले, एका पायावर आपटले, कलंडता कलंडता राहिले. मग ऋजुताचा धापा टाकणारा आवाज आला, सगळे धड होते. शर्वाणी खुर्चीत बसून मोकळेपणी रडली.

यानातली माणसे आत येऊन शिरस्त्राणे काढतात तोच अरुणतळाचा मुख्य हवापंप थांबला. पाठोपाठ राखीव पंपानेही मान टाकली. दोन वर्षे त्यांना कोणी तेलसुद्धा दिले नव्हते, कारण ते कधी बिघडलेच नव्हते. अभियंते पंपाभोवती जमले आणि एकमेकांची तोंडे बघू लागले. सुटे भाग होते, पण पंप उघडायचा कुठून हे एकालाही ठाऊक नव्हते. स्टाव्रोसने हात टेकले.

पंप जाणणारी माणसे मंगळावर एकाच ठिकाणी होती. शर्वाणीने ध्रुवतळाला हाक दिली.

“आधी मदत मागा,” सबनीस कुजबुजले. “बाकीचं मागाहून सांगता येईल.”

“आधी खरं,” ती म्हणाली आणि तिने तांबोळींना सगळे सांगितले. यंत्र, आलेख, त्यांचे पंप, शमिता. मदत मागितली ती शेवटी.

मागे ऋजुता खोकू लागली होती.

“भडकमकरबाई,” तांबोळी म्हणाले, “शमिताबद्दल आपण समोरासमोर बोलू. तुम्हाला ते सोपं जाणार नाही. आमची गाडी निघतेच आहे, पण ती पोचेपर्यंत तुमची हवा पुरायची नाही. पंपापाशी जा. उजवीकडच्या झडपेला हात लावा. गरम आहे की गार?”

शर्वाणी गुडघ्यांवर बसली. उजवीकडच्या दोन झडपांपैकी कुठली, ते तिला विचारावे लागले.

“वरची,” तांबोळी म्हणाले. “घाबरू नका. आम्ही ही कितीदा तरी उघडली आहे.”