बावखलाचा जोडीदार

माझं काम ऐकणाऱ्याला दोन मिनिटांत जांभई येते, तरी सांगते. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांना पाणी देणारी तळी, म्हणजे बावखलं, आणखी किती वर्षं गोडी राहतील आणि कधी खारी होतील, याचं गणित आमची संस्था करते. गणित अवाढव्य आणि संस्था चिमुकली. म्हणून लोक आपले घरचे संगणक रिकामे असतील तेव्हा आम्हाला वापरू देतात. प्रत्येक काम दोन संगणकांना जातं. दोन्ही उत्तरं शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली तरच ती खरी. पण वेगळ्या जातीचे संगणक शेवटचे आकडे वेगळे काढतात, त्यामुळे दोघंही एकाच जातीचे लागतात. ही जोडी मी लावते. जूचंद्रच्या घरी आई म्हणते, "स्वतःचं सोडून सगळ्यांचं जुळवते."

घोटाळा केला तोही मीच. फ्रान्सिस सर मला शाळेत गणित शिकवायचे. आगाशीजवळ नंदाखालला त्यांची केळीची वाडी आहे आणि वाडीत बावखल आहे. वालीवच्या भंगारातले भाग जमवून त्यांनी स्वतः एक संगणक उभा केलाय. आपल्या बावखलाचं गणित आपल्याच यंत्राने करावं, असा त्यांचा हट्ट होता. माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. नऊ आठवड्यांनी त्यांचं उत्तर आलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या जातीचा दुसरा संगणक जगात कुठेच नाही. दुसऱ्या जातीकडे पुन्हा पहिल्यापासून करायचं तर कित्येक आठवडे गेले असते. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर सरांचा मुलगा केनी बावखल बुजवायचं पक्कं करणार होता.

"खारं होणार असेल तर मातीची पहिली पाटी मीच टाकीन," सर फोनवर म्हणाले. "पण गोडं राहणार असेल आणि मी ते बुजू दिलं, तर मला झोप लागणार नाही. रविवारच्या आत सांग."

मला स्वतःचा भयंकर राग आला होता.

गुरुवारी दुपारी यादीत एक नवा संगणक उगवला. नाव नाही, मालक नाही. जात मात्र सरांच्या यंत्राची, अगदी तंतोतंत. त्याने सरांच्या कामाची दुसरी प्रत उचलली आणि संध्याकाळपर्यंत चाळीस टक्के काम उरकलं. पत्ता पाहिला तर तो सरांच्याच घरच्या इंटरनेटचा.

मी फोन लावला. "सर, दुसरा संगणक आणलात?"

"एक चालवता चालवता नाकी नऊ येतात, दुसरा कुठला आणू?"

शनिवारी सकाळी मी नंदाखालला गेले. सरांनी कॉफी पुढे केली. टेबलावर त्यांचं यंत्र होतं, आणि घरात दुसरं काही नव्हतं. मी माळासुद्धा पाहिला.

"सर, याची पिन काढा."

त्यांनी काढली. माझ्या मोबाइलवर तो नवा संगणक ब्याण्णव टक्क्यांवर होता. मग मी इंटरनेटचा डबाही बंद केला.

त्र्याण्णव.

"गुरुवारपासून बदकं पाण्यात उतरत नाहीत," सर हलकेच म्हणाले. "तुला सांगितलं नाही. हसली असतीस."

आम्ही केळीतून मागे गेलो. बदकं काठावर ओळीने बसली होती, पाण्याकडे तोंड करून. वारा नव्हता. बावखलाच्या मध्यभागी पाणी अगदी बारीक थरथरत होतं.

मी पायरीवर वाकून हात बुडवला.

पाणी कोमट होतं. थंडीतली सकाळ, वर केळीची दाट सावली, तरी तासन्‌तास राबलेल्या यंत्राची पाठ लागावी तसं.

भीती नंतर वाटली. आधी मन भरून आलं. एवढं जुनं, एवढं मोठं काहीतरी आमच्या क्षुल्लक यादीत गपचूप येऊन बसलं होतं, आमचे नियम पाळत होतं, एकेक आकडा मांडत होतं.

अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव.

मोबाइल वाजला. उत्तर आलं होतं. मी एका हाताने दोन्ही उत्तरं ताडून पाहिली. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळत होती.

"गोडं," मी म्हणाले. "एकतीस वर्षं."

सरांनी कपाळावर, छातीवर क्रुसाची खूण केली. त्यांचे डोळे वाहत होते. "केनीला सांगतो," म्हणत ते घराकडे वळले.

बुडवलेल्या हाताभोवतीचं पाणी गार होत गेलं. बर्फासारखं गार.

मग मोबाइलवर ओळ आली. तो संगणक पुढचं काम मागत होता.

त्या जातीला द्यायला माझ्याकडे काहीच काम नव्हतं. मी तसं कळवलं.

यादी रिकामीच होती, तरी पाणी पुन्हा कोमट होऊ लागलं.