उष्णता गिळणारं मेण

बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. मग गाडी दमली कशाने?

चारुताला हा प्रश्न पडला तो कावळघाटात, वैशाखातल्या भर दुपारी. तिची आई, डॉक्टर सुनेत्रा देशमाने, माणदेशातल्या वाड्यावस्त्यांवर फिरणारी गुरांची डॉक्टर होती. पेट्रोलच्या मोटारसायकली आता जत्रेत मांडून ठेवण्यापुरत्या उरल्या होत्या. आईची गाडीही विजेचीच होती. घाटापलीकडच्या वस्तीवरून फोन आला होता. गाय अडली होती, वासरू पोटात आडवं आलं होतं. शाळेला सुट्टी होती, म्हणून औषधांची पेटी मांडीवर घेऊन चारुता मागे बसली होती.

अर्धा घाट चढून झाला आणि समोरच्या पडद्यावर नारिंगी दिवा लागला. गाडीचा वेग उतरत गेला. आईने मूठ पूर्ण पिळली, तरी गाडी आपली गोगलगायीसारखी सरकत होती. शेजारून एक मेंढपाळ कळप घेऊन चालला होता, तोही त्यांच्या पुढे निघून गेला.

"आई, चार्जिंग तर आहे!"

"आहे गं. पण गाडी ऐकत नाहीये."

दोघी पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. आईने गाय वाचवली. वासरू मात्र गेलं. गाय कितीतरी वेळ त्याला चाटत राहिली. परतीच्या वाटेवर चारुताच्या मनात तो नारिंगी दिवा जळत राहिला.

आईचे काका डॉक्टर विश्राम साबणे उष्णतेचे शास्त्रज्ञ होते. चारुता त्यांना आप्पाआजोबा म्हणायची. निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, तीर्थयात्रा करतात. आप्पाआजोबा विजेच्या मोटारसायकलींच्या शर्यतीत रमले होते. कोल्हापूरजवळच्या माळावर शर्यतीचा नवा मार्ग झाला होता. तिथल्या एका संघाच्या बॅटऱ्या ते सांभाळत. मोठी शर्यत तोंडावर आली, तेव्हा त्यांनी चारुताला बोलावून घेतलं.

ती गेली, पण फुरंगटूनच. नमस्कार करून झाल्या झाल्या तिने विचारलं, "आजोबा, तुमच्या गाड्या नुसत्या गोल गोल पळतात. आमच्या गाडीला एक घाट चढत नाही. मग या शर्यतीचा उपयोग काय?"

आप्पाआजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांना राग आला नाही. "घाटात काय झालं ते मला सगळं सांग," ते म्हणाले.

चारुताने सांगितलं. वासराचंही सांगितलं.

"तुमची गाडी दमली नव्हती, चारू. ती घाबरली होती," ते म्हणाले. "बॅटरीत शेकडो विद्युतघट असतात (वीज साठवणाऱ्या बोटाएवढ्या नळकांड्या). त्यांतून वीज वाहते तेव्हा तिला रोध होतो (वाहण्याला होणारा अडथळा). तळहात एकमेकांवर घास बघू."

चारुताने घासले. तळहात गरम झाले.

"हे काहीसं तसंच. वाहताना अडथळा आला की उष्णता निर्माण होते. आता गंमत बघ. चढावर गाडीला जास्त वीज लागते. विजेचा प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता किती होईल?"

"दुप्पट."

"चौपट! आणि प्रवाह तिप्पट झाला तर नऊपट. त्यात तुमचा माणदेशी उन्हाळा. घट फार तापले तर खराब होतात, पेटही घेऊ शकतात. म्हणून गाडीतला नियंत्रक (वीज किती सोडायची ते ठरवणारा छोटा संगणक) वीज कमी करतो. तुम्हाला वाटलं, गाडीने दगा दिला. खरं तर तिने तुम्हाला आगीपासून वाचवलं."

चारुताला हे पटलं, पण मनाचं समाधान झालं नाही. "पण वासरू गेलं ना, आजोबा."

"गेलं. म्हणून तर पुढचं दाखवायचं आहे."

त्यांनी शेगडीवर एक पातेलं ठेवलं, त्यात बर्फ आणि थोडं पाणी घातलं, तापमापी धरली आणि चारुताला सारखं ढवळत राहायला सांगितलं. शेगडी पेटली. तापमापीवर शून्य अंश दिसत होतं. चारुता ढवळत राहिली. बर्फ विरघळू लागला, पण आकडा शून्यावरच थबकलेला.

"तापमापी बिघडली वाटतं."

"ढवळत राहा."

बर्फाचा शेवटचा चुरा दिसेनासा झाला आणि आकडा एकदम वर पळू लागला. चारुताचा हात थांबला. इतका वेळ खालून जाळ लागत होता, मग ती सगळी उष्णता गेली कुठे?

"बर्फाने गिळली," आजोबा म्हणाले. "घन पदार्थाचे कण हातात हात घालून बसलेले असतात. ते हात सोडवायला उष्णता खर्ची पडते, म्हणून तापमान वाढत नाही. हिला म्हणतात सुप्त उष्णता (तापमापीला न दिसता पदार्थात दडून राहणारी उष्णता). आमच्या गाडीत बर्फ नाही, मेण आहे. घटांच्या मधल्या फटींत ओतलेलं. घट तापले की मेण वितळतं, आणि वितळेपर्यंत उष्णता गिळत राहतं. पंप नको, नळ्या नकोत, आवाज नको."

चारुता विचारात पडली. "पण आजोबा, आमच्याकडे उन्हाळ्यात खोबरेल तेल कधीच गोठत नाही. तुमचं मेण आमच्या अंगणातच वितळून जाईल. मग घाटात ते गिळणार काय?"

आजोबा खूश होऊन हसले. "शाब्बास! हा प्रश्न विचारायला आम्हाला एक अख्खा उन्हाळा लागला. म्हणूनच आमचं मेण माणदेशातल्या हवेपेक्षा जरा जास्त तापल्यावर वितळतं, आणि घटांना इजा होईल त्याच्या बरंच आधी वितळतं. त्या दोहोंच्या मधली जागा शोधणं, हेच आमचं काम."

दुसऱ्या दिवशी शर्यत होती. संघाची स्वार झरीन शिकलगार मिरजेची होती. हेल्मेट घालण्याआधी तिने चारुताच्या डोक्यावर टपली मारली. "कानात बोटं घालू नकोस हं. ऐकण्यासारखं असतं."

चारुताला वाटलं होतं, विजेच्या गाड्या मुक्या असणार. निशाण पडलं आणि रांगेतल्या गाड्या धनुष्यातून सुटल्यासारख्या गेल्या. त्या परत आल्या तेव्हा आधी आवाज आला, उंचावरून झेपावणाऱ्या घारीच्या शिळेसारखा बारीक आणि चढत जाणारा. मग जमीन तळव्यांखाली थरथरली. मग वाऱ्याची एक भिंतच चारुताच्या अंगावर कोसळली. डोळे उघडेपर्यंत गाड्या वळणावर होत्या, आणि स्वार इतके कलले होते की त्यांचे गुडघे जमिनीला लागत होते. धूर नाही, वास नाही. नुसता वेग.

"तुझी आई एका उन्हाळ्यात गाडीला जेवढी राबवते," आजोबा तिच्या कानाशी म्हणाले, "तेवढी ही गाडी तासाभरात राबते. दहा वर्षांनी कळायच्या चुका इथे एका दुपारी कळतात."

त्यांच्यासमोरच्या पडद्यावर झरीनच्या बॅटरीचं चित्र होतं. थंड भाग निळा दिसायचा, तापलेला लाल. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या, तरी चित्र निळं-हिरवंच राहिलं. इतर गाड्या एकेक करून मंदावू लागल्या. झरीन पाचव्या क्रमांकावरून तिसरी आली, दुसरी आली आणि शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या असताना सगळ्यांच्या पुढे गेली. चारुता खुर्चीवर चढून ओरडू लागली.

आणि चित्राच्या मध्यभागी एक लाल ठिपका उमटला.

तो पसरत गेला. आजोबांनी ओठ घट्ट मिटले. शेवटच्या फेरीत, चढाच्या वळणावर, झरीनची गाडी घाटातल्या त्या गाडीसारखीच मंदावली. एक गाडी तिला मागे टाकून गेली, मग दुसरी. झरीन तिसरी आली.

तिने हेल्मेट काढलं तेव्हा चेहरा घामाने निथळत होता. "आणखी एक फेरी टिकली असती तर," एवढंच ती म्हणाली. संघातले बाकीचे आवराआवर करू लागले. पण आजोबा पडद्याकडे टक लावून बसले होते, आणि चारुताही.

"आजोबा, कडेला तर अजून निळंच आहे. कडेचं मेण वितळलंच नाही?"

"नाही. मधलं वितळून संपलं, कडेचं तसंच राहिलं."

"म्हणजे मोठ्या पातेल्यातला भात खाली करपतो आणि वर कच्चा राहतो, तसं?"

"अगदी तसंच. मेण उष्णता गिळतं झकास, पण शेजाऱ्याला देत नाही."

"मग आई ढवळते."

"मेण कसं ढवळणार? घट्ट बसलंय ते," झरीन म्हणाली.

"मग डावासारखं काहीतरी आतच ठेवून द्यायचं. गरम डाळीत ठेवलेला डाव वरपर्यंत पोळतो ना?"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग झरीनकडे. त्यांच्या मनात हा विचार आधीच घोळत होता, पण चारुताने तो इतक्या सहज बोलून दाखवला की त्यांना हसू फुटलं. "उष्णता वाहून नेणारं काहीतरी मेणातच मिसळायचं. शिसपेन्सिलीत असतं ते काळं ग्राफाईट (कार्बनचं एक रूप, उष्णता पटकन पसरवणारं) चालेल. मधली उष्णता कडेपर्यंत जाईल आणि सगळं मेण कामाला लागेल." मग त्यांचा आवाज खाली आला. "तू विचारलंस ना, उपयोग काय? आज इथे गाडी मंदावली, तर आमचा पहिला नंबर गेला. उद्या घाटात मंदावायला नको, म्हणून ती इथे मंदावलेली बरी. इथलं हरणं परवडतं, चारू."

चारुताचं फुरंगटलेपण कुठल्या कुठे पळालं होतं.

काळ्या मेणाच्या बॅटरीने झरीनने पुढच्या हंगामात दोन शर्यती जिंकल्या. त्यानंतर काम सुरू झालं ते रोजच्या गाडीसाठी. शर्यतीच्या गाडीला एक तास टिकलं की पुरे. रोजच्या गाडीतलं मेण हजारो वेळा वितळून पुन्हा गोठायला हवं, खड्ड्यांत सांडता कामा नये आणि महागही पडता कामा नये. एका कारखान्याने ते जमवलं. चाचणीच्या पहिल्या काही गाड्यांपैकी एक आजोबांनी मागून घेतली आणि थेट माणदेशात आणली.

तो दिवसही कडक उन्हाचा होता. झरीनने आईला मागे बसवलं, औषधांची पेटी बांधली आणि गाडी घाटात घातली. आजोबा आणि चारुता माथ्यावर उभे राहून हातातल्या पडद्यावर बॅटरीच्या तापमानाचा आकडा बघत होते. पहिल्या वळणानंतर आकडा वर चढला. मेणाच्या वितळण्याच्या अंशावर पोचला आणि थबकला. दुसरं वळण, तिसरं वळण. दगड तापून हवा थरथरत होती, गाडी मात्र एका लयीत चढत होती. आकडा जागचा हलला नाही. चारुताने आजोबांचा हात घट्ट धरला. जाळ लागत होता आणि आत कुठेतरी, कुणाला न दिसता, मेण मुकाट्याने तो गिळत होतं.

गाडी माथ्यावर आली. आईने उतरून मागे वळून घाटाकडे पाहिलं आणि पदराने डोळे टिपले. "आता पोचेन मी," ती म्हणाली.

संध्याकाळी गाडी अंगणात उभी होती. हवा गार झाली होती. चारुताने सहज बॅटरीच्या पेटीवर तळहात ठेवला आणि ती चमकली. गाडी थांबून किती वेळ झाला, तरी पेटी उबदार होती, गाईच्या कुशीसारखी.

"आजोबा, ही अजून गार कशी झाली नाही?"

"मेण गोठतंय. वितळताना जेवढी उष्णता त्याने गिळली, तेवढी सगळी गोठताना परत देतं. दडलेली होती, हरवलेली नव्हती."

चारुताने दुसराही तळहात टेकवला. दुपारचा अख्खा घाट, ते तापलेले दगड, ती चढण, सगळं ऊब होऊन तिच्या हातांत उतरत होतं.

आईनेही हात ठेवला. "आप्पा," ती म्हणाली, "थंडीत शेळ्यांची नवी करडं गारठून मरतात. रात्रभर अशी ऊब देणारी एखादी झूल करता येईल का हो? दिवसा उन्हात ठेवायची, रात्री करडांवर घालायची?"

आजोबा उत्तर देणार, एवढ्यात चारुताच बोलली. "येईल. फक्त मेण वेगळं लागेल. करडाच्या अंगाएवढ्याच उबेला गोठणारं." आणि शेळीचं अंग किती उबदार असतं ते मोजायला ती आईची तापमापी घेऊन गोठ्याकडे पळाली.