पाय ओढणारी

"कोण तू? ...तू थोरली नव्हेस!"

सासूबाईंनी हात झटकला, आणि थोरल्या सुनेच्या हातातली औषधाची वाटी कलंडली. माहेरून कालच ती परतली होती. आज वॉकर बाजूला ठेवून, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच न लंगडता या खोलीत आली होती, आणि जिच्यासाठी आयुष्य झिजवलं तिनंच ओळख नाकारावी! पाठीचा कणा जिथं कमरेच्या हाडाला मिळतो, तो सांधा डॉक्टरांनी बोटभर चिरेतून बारीक सळया घालून पक्का केला होता. 'चीर लहान असली तरी हाडाला हाड जुळायला महिने लागतील,' असं त्यांनी आधीच बजावलं होतं, आणि ते महिने तिनं मुकाट्यानं सोसले होते.

"थोरली रोज दुपारी बाहेर पाय ओढत फिरते," आंधळे डोळे दाराकडे रोखून म्हातारी पुटपुटली. "आत येत नाही, बोलत नाही... ऑपरेशनात गेली ना गं ती? मला सांगत का नाही कुणी?"

दारात उभ्या धाकट्या जावेला हुंदका फुटला. "जाऊबाई, ती मीच! तुम्ही नव्हतात तर आईंनी जेवणच टाकलं. पूर्वी चेष्टेनं तुमची नक्कल करायचे ना मी... तीच केली. तुमचं पाऊल ऐकलं की दोन घास घ्यायच्या."

थोरलीचा सगळा राग विरघळला. तिनं सासूबाईंचा हात धरून कमरेखालच्या व्रणावर ठेवला.

"एवढीशीच चीर?" सुरकुतलेली बोटं थबकली.

"एवढीशीच, आई."

"मला उचलून उचलून गेली गं तुझी कंबर! आणि मी मेली तुझ्या दुखण्याला नाटकं म्हणत राहिले... पोरी, क्षमा कर!"

थोरलीनं त्यांना छातीशी धरलं, धाकटी दोघींना बिलगली, आणि तिघींच्याही डोळ्यांना धारा लागल्या.

तेवढ्यात बाहेरच्या फरशीवर पाय ओढल्याचा आवाज आला.

खर्र... थप. खर्र... थप.

घरात तिघींशिवाय कुणीच नव्हतं. धाकटीनं थोरलीचं मनगट गच्च आवळलं. आवाज दाराशी येऊन थांबला. थोरलीच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण इतकी वर्षं ते पाऊल तिचं स्वतःचं होतं.

सासूबाई मात्र घाबरल्या नाहीत. त्यांनी पाय आखडून पलंगावर जागा केली.

"ये गं आत," त्या रडत म्हणाल्या. "खूप चाललीस माझ्यासाठी. कधी बस म्हटलं नाही तुला... आता बस."

पायथ्याशी रिकामी गादी हळूच दबली.