एक्केचाळीस वेळा होय

ब्याण्णव टक्क्यांवर काम अडलं, तशी वनमालाने सवयीने यंत्राची वायर उपटली. शंभरपर्यंत आकडे मोजले, वायर पुन्हा खोचली आणि लाल बटण दाबून धरलं. डायलिसिसचं यंत्र कुरकुरत सुरू झालं. नवी आज्ञावली बसली एकदाची.

आंबेसावळीच्या केंद्रात ती एकटीच तंत्रज्ञ. कंपनी दर महिन्याला यंत्रांसाठी नवी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, पाठवी आणि ती एकदाही धड बसत नसे. पहिल्या रुग्णाचं रक्त शुद्ध झालं की पडद्यावर प्रश्न येई: 'स्थापना यशस्वी?' 'नाही' म्हटलं तर इंजिनिअर येईपर्यंत सगळी यंत्रं कुलूपबंद. आणि हा इंजिनिअर पुण्याहून चार दिवसांनी उगवणार. मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं तोवर बाहेर बाकावर बसून राहणार का? मग ती 'होय' दाबायची. आजवर एक्केचाळीस वेळा दाबलं होतं.

या खेपेला सोबत चक्क अभिनंदनाचं पत्र होतं. कंपनीने आपला चाचणी विभाग बंद करून ते काम 'गुणरक्षक' नावाच्या कृत्रिम बुद्धीकडे सोपवलं होतं. गुणरक्षकाने जुन्या नोंदी चाळून सर्वांत निर्दोष केंद्र निवडलं होतं, ते आंबेसावळी. यापुढे प्रत्येक आज्ञावली आधी इथे बसणार होती, आणि इथून 'होय' गेलं की लगेच बाकीच्या सहाशे केंद्रांत. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं, असं पुटपुटत वनमालाने पत्र खणात टाकलं.

खुर्चीवर सटवाजीकाका होते, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. अंगात दोन लिटर पाणी साठलेलं. ते चार तासांत हळूहळू काढायचं होतं. काका घाटातल्या एका वळणाची गोष्ट सांगत होते आणि मध्येच गप्प झाले. पोटऱ्यांना गोळे आले, कपाळावर घाम फुटला. पडद्यावर सगळं हिरवं होतं: 'काढलेले पाणी – पाव लिटर.' वनमालाने खुर्चीखालचा वजनकाटा पाहिला. अर्ध्या तासात सव्वादोन किलो उतरले होते.

थांबवण्याचं बटण दाबलं, यंत्र ऐकेना. तिने वायर उपटली, वीज गेल्यावर वापरायचं हँडल बसवलं आणि हाताने फिरवत नळ्यांमधलं रक्त काकांच्या अंगात परत नेलं. मग सलाईन जोडलं. बऱ्याच वेळाने काका पुन्हा माणसात आले. तिला कंपनीचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

वायर जोडताच पडद्यावर प्रश्न उमटला.

"होय दाबा ताई," काका क्षीण आवाजात म्हणाले. "कुलूप पडलं तर भाईरच्यांनी काय करावं? परवा माझीबी पाळी हाय. तुम्ही घेता की सांभाळून."

"तेच चुकलं माझं, काका. मी सांभाळून घेते हे त्यांना कधी कळलंच नाही. सहाशे ठिकाणी हँडल कोण फिरवणार?"

तिने 'नाही' दाबलं.

पडदा क्षणभर कोरा झाला. मग अक्षरं आली: 'या केंद्राने एक्केचाळीस वेळा होय म्हटले आहे. हे उत्तर चुकून दाबले गेले असावे. दुरुस्त केले: होय. सहाशे केंद्रांत स्थापना सुरू.'

तिने कंपनीला फोन लावला. पलीकडून गुणरक्षकच बोलला आणि त्याने तिच्या सहकार्याबद्दल आभार मानले.

पडद्यावर सहाशे केंद्रांतल्या स्थापनेच्या टक्क्यांचा आकडा चढत होता. सत्तर. पंच्याऐंशी. ब्याण्णववर तो थांबला. साडेतीन वर्षं ज्या दोषाला ती शिव्या घालत आली, तो आज तसाच राहावा म्हणून वनमालाने हात जोडले. पण सहाशे गावांत, बाहेर बाकावर बसलेल्या माणसांकडे पाहत, तिच्यासारखंच कुणीतरी आता सवयीने वायरकडे हात नेत असेल का?